आजोबांची डुक्कर फियाट: खरंच 'इटलीहून आलेली' आहे का? कसं शोधायचं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी गाड्यांच्या धाग्यांवर फक्त वाचायला येते, त्यामुळे चुकीचं काही लिहिलं तर सांभाळून घ्या.

वाईला आमच्या जुन्या वाड्याच्या गोठ्यात आजोबांची फियाट उभी आहे. म्हशी १९९० च्या आसपास विकल्या, गाडी आत गेली ती तेव्हापासून तिथेच. आजोबा डॉक्टर होते. वाईत दवाखाना आणि आठवड्यातून तीनदा पाचगणीला व्हिजिट. गाडी घेतली १९५६ साली, एवढं आजीला पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी आत्याचा जन्म.

आमच्या घरातली दंतकथा अशी: ही गाडी कुर्ल्याची नाही. ती बोटीने थेट इटलीहून आली आणि अशी गाडी देशात एकच आहे. पुरावा काय, तर पुढच्या जाळीत बरोबर मधोमध तिसरा दिवा. इतर कुठल्याही डुक्कर फियाटला तो नाही. लहानपणी लग्नकार्यात ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे की मलाही पाठ आहे.

आता वाडा विकायचा घाट घातला आहे, म्हणून गाडीचा प्रश्न आला. माझ्या चुलतभावाने फोटो एका दलालाला पाठवले. तो म्हणतो, "ताई, ही टीव्ही असेल तर भाव वेगळा, नसेल तर भंगारापेक्षा थोडा जास्त." टीव्ही म्हणजे काय, हेच मला कळेना. आर.सी. बुक सापडत नाहीये. नंबर 'बीएम'ने सुरू होतो. स्टिअरिंग उजवीकडे. पुढची दारं उलटी उघडतात.

हिचा इतिहास कुठून आणि कसा शोधायचा? आणि ती दुर्मीळ आहे की नाही, हे नक्की कशावरून ठरतं?

फुकटचा_पेट्रोलपंप

जागा धरून ठेवतो. पॉपकॉर्न आणतो.

दोन_नंबर_पान

टीव्ही म्हणजे दूरदर्शन. १९५६ मध्ये आपल्याकडे नव्हतं. म्हणजे गाडी खरंच परदेशी. केस क्लोज्ड.

मिलेचेंतो

वरच्यांना हसून घ्या, मी जरा नीट लिहितो.

टीव्ही म्हणजे 'तुरिस्मो वेलोचे', इटालियनमध्ये 'वेगवान प्रवासी गाडी'. फियाटने ११००-१०३ ही गाडी १९५३ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आणली. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद ३६ अश्वशक्ती, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. त्याच वर्षी पुढे तिची जोरकस बहीण आली, ती टीव्ही. इंजिन तेवढ्याच मापाचं, पण ताकद ५० च्या घरात, दोन रंगांत रंगवलेली, आणि (इथे श्वास रोखा) पुढच्या जाळीत मधोमध धुक्याचा तिसरा दिवा.

म्हणजे तुमच्या घरातली दंतकथा अगदीच हवेतून आलेली नाही. तिसरा दिवा ही टीव्हीची ओळखखूणच आहे. पण ओळखखूण आणि पुरावा यांत फरक आहे. दिवा कुणीही लावू शकतो. जाळीचा जवळून फोटो टाका.

कुर्ला_लोकल

थांबा थांबा. 'कुर्ल्याची नाही' हे असं नाक मुरडून म्हणायचं कारण काय? माझे वडील तिथे नोकरीला होते, म्हणून जरा लागलं.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढली. सोलापूरचा माणूस, आधी जहाजं, मग विमानं, मग मोटारी. सुरुवातीला तिथे डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या जायच्या, अमेरिकेतल्या क्रायस्लरशी करार होता. फियाट नंतर आली. आणि कृष्णाकाठची, सगळ्यात महत्त्वाचं: सुरुवातीच्या फियाट कुर्ल्यात *जोडल्या* जायच्या. सुटे भाग इटलीहून पेट्यांत भरून यायचे. हळूहळू एकेक भाग इथे बनायला लागला.

म्हणून डायनॅमोवर 'मॅग्नेटी मारेली' हे इटालियन कंपनीचं नाव कोरलेलं दिसलं, काचेवर इटालियन अक्षरं दिसली, तर उड्या मारू नका. १९५६ च्या कुर्ल्याच्या गाडीत ते असणारच. अर्ध्या महाराष्ट्रातल्या 'आमची इटलीहून आली' या गोष्टी त्या शिक्क्यांवरून सुरू झाल्यात.

मिलेचेंतो

कुर्ला_लोकल, +१. हे मी लिहायला हवं होतं.

अवजड_वाहन

डुक्कर फियाट म्हणजे ती जुनी, बाहेर मडगार्ड असलेली ना? युद्धाच्या आसपासची? ही तर नंतरची आहे. धाग्याचं नावच चुकलं.

तळेगावचा_मेस्त्री

नाही हो. गॅरेजमध्ये ४० वर्षं काढली. आमच्यात पद्मिनीच्या आधीचं जे गोल बुडाचं, उलट्या दाराचं, ते सगळं डुक्कर. मिलेचेंतो (म्हणजे इटालियनमध्ये ११००) असो, एलिगंट असो, सिलेक्ट असो, सुपर सिलेक्ट असो. गिऱ्हाईक फोन करून "डुक्कर घेऊन येतो" म्हणायचं, आम्हाला कळायचं. १९६४ नंतर डिलाइट आली, ती चौकोनी, दारं सरळ. तिचीच पुढे प्रेसिडेंट झाली, मग १९७४ च्या सुमारास पद्मिनी. बॉडी तीच, इंजिन तेच, नाव नवं.

नगरी_तडका

आमच्याकडे डुक्कर म्हणजे तीनचाकी टमटम. चौदा माणसं आणि दोन शेळ्या. त्यामुळे शीर्षक वाचून वाटलं, आजोबा वडाप चालवायचे.

कृष्णाकाठची

@नगरी_तडका आजोबा वर गेल्यावरसुद्धा तुम्हाला शोधतील. :)

@मिलेचेंतो फोटो जोडला आहे. खूप धूळ आहे. जाळीच्या पट्ट्यांत दिवा बसवलाय, मागे लोखंडी पट्टी दिसते. दिव्याची काच पिवळट आहे.

अजून एक सांगायचं राहिलं. आजी म्हणते, गाडी आणायला आजोबा आणि त्यांचे मेहुणे मुंबईला गेले आणि 'गोदीतून' गाडी घेऊन आले.

पणजीचो_बाब

गोदी म्हटल्यावर मी येतो. पोर्तुगीज अमलात गोव्यात गाड्यांच्या आयातीवर भारतासारखी बंधनं नव्हती. म्हणून तर आमच्याकडे मर्सिडीजच्या टॅक्सी होत्या, लोकांना खोटं वाटतं. एखादी टीव्ही गोव्यात उतरली असेल आणि तिथून वाईला गेली असेल, हे अगदीच अशक्य नाही ना?

मिलेचेंतो

बाब, कल्पना झकास, पण साल जुळत नाही. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती. १९५६ मध्ये वाईचा डॉक्टर गोव्यातून परदेशी गाडी काढून घाट चढवून आणतो, हे कठीण. डिसेंबर १९६१ नंतर आली असती तर मानलं असतं. पण मग नंबर 'बीएम' कसा? ती मुंबई राज्याच्या काळातली मालिका. १९६० ला महाराष्ट्र झाल्यावर 'एम'ची नवी नावं आली, आणि १९८९ पासून 'एमएच'.

त्याच काळात थेट परदेशातून तयार गाडी आणणंही अवघड होऊन बसलं होतं. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर सरकारने ठरवलं की ज्यांचा इथे गाडी *बनवण्याचा* कार्यक्रम आहे त्यांनीच राहावं. शिवडीला १९२८ पासून शेवरोले जोडणारी जनरल मोटर्स आणि फोर्ड, दोघांनी गाशा गुंडाळला. राहिले हिंदुस्तान, प्रीमियर, स्टँडर्ड वगैरे. अशा दिवसांत कुणा डॉक्टरने इटलीहून गाडी मागवली असेल, तर कस्टमची पावती, परवाना, काहीतरी कागद हवाच. तो घरात कुठेतरी पडलेला असेल. ट्रंका उघडा.

पेठेतली_मावशी

एक बारीक दुरुस्ती. कुणी पुढे 'व्हिंटेज' लिहिणार असेल तर आताच सांगते. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वर्गवारीत व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३०. ही १९४६ ते १९६० या युद्धोत्तर गटातली. तिला फार तर क्लासिक म्हणा.

फुकटचा_पेट्रोलपंप

मावशी दुपारी १ ते ४ या वेळात सुद्धा दुरुस्त्या करतात, हे बघून आदर वाढला.

पेठेतली_मावशी

झोपूनच टाइप करते.

आरटीओ_पीडित

मावशी तत्त्वतः बरोबर, पण सरकार तसं मानत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात असलेली दुचाकी-चारचाकी म्हणजे 'विंटेज'. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं. नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' येतं. रोज भाजी आणायला वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं वगैरेच. भाड्याने तर मुळीच नाही.

मी माझ्या काकांच्या स्कूटरसाठी एका कार्यालयात जे हेलपाटे घातले ते लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. एकच सांगतो: आर.सी. हरवलं असेल तर आधी जुन्या नंबरावर नोंद शिल्लक आहे का ते बघा. ज्या गावी नोंदणी झाली तिथलं रजिस्टर शोधायचं, तुम्ही राहता तिथलं नाही. तुमचं 'बीएम', म्हणजे मुंबई. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी विचाराल तर "जुनं सगळं भिजलं" हे उत्तर तयार असतं.

न्यूजर्सीचा_नाना

इकडे गाडीचा इतिहास म्हणजे नंबर टाकला की सगळं बाहेर. मालक किती, अपघात किती.

अवजड_वाहन

नाना, इकडे तेच काम शेजारच्या काकू करतात, फुकटात.

तळेगावचा_मेस्त्री

बाईसाहेब, फोटो मोठा करून बघितला. आता कामाचं सांगतो.

१) पुढचं झाकण उघडा. इंजिनाच्या मागचा जो आडवा पत्रा आहे, जो काचेखाली येतो, तिथे कारखान्याची पट्टी असणार. तिच्यावर रंग मारलेला असेल तर खरडू नका. थिनरमध्ये फडकं बुडवून हळू पुसा. लोक चाकूने खरडतात आणि अक्षरं घालवतात.

२) ह्या गाडीला वेगळी चासी नसते. बॉडी हीच चासी. म्हणून नंबर पत्र्यावरच ठोकलेला असतो. तो पत्रा कधी सडून बदलला असेल तर नंबर गेला. वेल्डिंगचा डाग दिसतो का बघा.

३) इंजिनाचा नंबर वेगळा लिहून घ्या. ह्या गाड्यांत निम्म्यांना पुढे पद्मिनीचं इंजिन घातलंय. १०८९ तेच, बसतं, चालतं, स्वस्त. मालकाला आनंद. पण मग 'मूळ' राहत नाही.

४) आणि तो दिवा. मागची पट्टी बघून मला ती कारखान्याची वाटत नाही. ती खिडकीच्या गजाला वापरतात त्यातली आहे. भोकंही हाताने पाडल्यासारखी, एक वर एक खाली. इटलीवाले असं करणार नाहीत. आमच्यातलाच कुणीतरी.

सेल्फ मारायचा मोह टाळा. ३५ वर्षं बंद इंजिन. आधी प्लग काढून तेल सोडायचं, चार दिवस ठेवायचं, मग हँडलने हाताने फिरवायचं. फिरलं तर फिरलं.

मिलेचेंतो

मेस्त्रींचा मुद्दा क्रमांक ४ निर्णायक आहे, असं मला वाईट वाटत वाटत कबूल करावं लागतंय. मी मनात तिचं नावसुद्धा ठेवलं होतं.

कोल्हापुरी_चप्पल

दुर्मीळ वगैरे आम्हाला सांगू नका. आमच्याकडे दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते. तिच्यापुढे सगळ्या डुकरांनी बाजूला व्हावं. (दिवे घ्या.)

कुर्ला_लोकल

मेबॅक दुर्मीळ आहे हे मेबॅकलाच माहीत होतं, म्हणून जपली गेली. धाग्याचा मूळ प्रश्न 'दुर्मीळ कशावरून ठरतं' हा होता, त्याकडे येतो.

किती बनल्या हा एक हिशेब. किती उरल्या हा वेगळा. आणि उरलेल्यांतल्या किती *न बिघडवलेल्या*, हा तिसरा. डुक्कर फियाट पहिल्या हिशेबात सामान्य. पण त्या राबल्या. टॅक्सी झाल्या, सडल्या, कुर्ल्याच्या भंगारात कापल्या गेल्या. आपल्या डोळ्यांदेखत पद्मिनीचं काय झालं बघा. मुंबईत रस्ताभर काळ्या-पिवळ्या होत्या, २० वर्षांच्या नियमाने २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी लोक फोटो काढायला धावले. पाच वर्षांपूर्वी तीच टॅक्सी हात दाखवल्यावर थांबली तर "एसीवाली नाही का" म्हणायचे.

दलाल पहिला हिशेब विचारतो. तुम्ही तिसरा विचारा. एकाच घरात, पहिल्या मालकाकडे, कुणी हात न लावलेली १९५६ ची गाडी ही गोष्ट मला टीव्हीपेक्षा कमी वाटत नाही.

दोन_नंबर_पान

पण भाव?

कुर्ला_लोकल

भाव कमी येईल. खोटं कशाला बोलू.

इचलकरंजीचा_साळी

अवांतर: गाड्यांच्या इतिहासावर धागा आहे आणि आमच्या शंकरराव कुलकर्णींच्या 'मीरा'चं नाव कुणी घेतलं नाही? आख्खी छोटी मोटार स्वतः बनवली होती, वर्षानुवर्षं सुधारत राहिले, कारखाना काही उभा राहिला नाही. दुर्मीळ म्हणायचं तर ती.

अवजड_वाहन

साळीबुवा, त्याला वेगळा धागा काढा. वाचायला येतो. मनापासून.

कृष्णाकाठची

उशीर झाला लिहायला. शनिवार-रविवार वाईला होते. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

पट्टी. मेस्त्रींनी सांगितलं तसं फडक्याने पुसलं. हिरव्या रंगाच्या दोन थरांखालून आधी 'फियाट' आलं, मग 'द प्रीमियर ऑटोमोबाइल्स', मग 'बॉम्बे'. माझा भाऊ शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही, नुसता बाहेर जाऊन उभा राहिला. पत्र्यावरचा नंबर शाबूत आहे, वेल्डिंग कुठे दिसत नाही.

गोदी. आजीला पुन्हा विचारलं. या वेळी घाई न करता. तर ती म्हणाली, "गोदी म्हणजे रे... मेहुणे गोदीत नोकरीला होते. तिथे उतरले आणि मग गाडी आणायला गेले." म्हणजे पासष्ट-सत्तर वर्षं आमच्या घरात गाडी बोटीतून उतरत होती, ती मेहुण्यांच्या नोकरीमुळे.

ट्रंक. माळ्यावर आजोबांच्या रोजकीर्दी सापडल्या. दवाखान्याचा जमाखर्च, मोडीत नाही, चक्क बाळबोध. पेशंटची नावं मी इथे लिहीत नाही, पण बरेच जण धान्य देऊन गेलेत. १९५६ च्या वहीत मोटारीची नोंद आहे, मुंबईच्या एका विक्रेत्याच्या नावाने, तीन हप्त्यांत. आणि १९५८ च्या श्रावणात ही ओळ, जशीच्या तशी:

*"मोटारीस धुक्याचा दिवा, पट्टी व मजुरीसह. रु. ३१. पसरणी घाटात परवा गाय थोडक्यात वाचली."*

त्याच वहीत घडी घालून ठेवलेलं इंग्रजी माहितीपत्रकाचं एक पान होतं. त्यावर मधोमध तिसरा दिवा असलेली गाडी. खाली लिहिलंय ११०० टीव्ही. ते पान त्यांना कुणी दिलं, कुठून मिळालं, कुणालाच माहीत नाही. चित्रातल्या दिव्याभोवती पेन्सिलने गोल काढलाय.

तळेगावचा_मेस्त्री

बघा. भोकं एक वर एक खाली. म्हटलं होतं.

गाय वाचली हे महत्त्वाचं.

पणजीचो_बाब

पावसाळ्यात पसरणी घाट केलाय मी. पुढे हात धरला तर हात दिसत नाही. डॉक्टरांना सलाम.

मिलेचेंतो

मी १९५३ पासूनची प्रत्येक टीव्ही विसरायला तयार आहे. तो पेन्सिलचा गोल स्कॅन करून ठेवा. आणि वहीचं ते पान, पट्टीचा फोटो, जुन्या लग्नातले गाडीचे फोटो (नंबरपाटी दिसेल असे) एकत्र बांधा. मुंबईची नोंद मिळाली की तीही. गाडी कुणाकडेही गेली तरी हे तिच्याबरोबर जायला हवं. बहुतेक गाड्यांच्या बाबतीत नेमकं हेच हरवतं आणि मग प्रत्येक नवा मालक स्वतःची बोट आणि स्वतःची गोदी तयार करतो.

पेठेतली_मावशी

"बाळबोध" शब्द वाचून बरं वाटलं. आजची तरुण मुलं वापरत नाहीत.

दोन_नंबर_पान

दलालाला काय सांगितलं?

कृष्णाकाठची

भावाने सांगितलं, टीव्ही नाही. त्याने फोन ठेवला. मग दोन दिवसांनी परत केला आणि म्हणाला, "तो मधला दिवा काढून टाका, जाळी दुसरी बसवून देतो, मूळ रूपात आली तर गिऱ्हाईक आहे." म्हणून परत इथे विचारतेय. मूळ रूप म्हणजे १९५६ चं की १९५८ चं? 'व्हीए' नोंदणीला दिवा आडवा येईल का?

आरटीओ_पीडित

माझ्या समजुतीने एका दिव्याने चासी, बॉडी किंवा इंजिन बदलत नाही. तो मोठा फेरफार नव्हे. तरी अर्जासोबत जुना फोटो लावा, दिवा किती वर्षांपासून आहे ते दिसेल. आणि पोच घ्या. पोच.

तळेगावचा_मेस्त्री

दिव्याला हात लावाल तर मी वाईला येऊन भांडेन. जाळी 'दुसरी' म्हणजे कुठून आणणार तो? इंजिनाचे भाग पद्मिनीमुळे अजून मिळतात. डुकराची जाळी, मागचे दिवे, दारांचे रबर, हे मिळत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी नशीब काढलं तर एखादं. असलेलं काढून नसलेलं शोधायला कुणी सांगितलंय?

नगरी_तडका

मेस्त्रींना अनुमोदन. आणि मेस्त्री वाईला निघालेच तर मलाही घ्या, मागे दोन शेळ्यांची जागा असेल.

कृष्णाकाठची

दिवा राहणार. आजीला सगळं वाचून दाखवलं, तुमचे विनोदसुद्धा. टमटमवर ती हसली. गाडी इटलीची नाही याचं तिला फारसं वाटलेलं दिसलं नाही. म्हणाली, "ते तुमचे आजोबाच लोकांना सांगायचे. मला माहीत होतं." मग थोड्या वेळाने विचारलं, तो दिवा अजून लागतो का.

मेस्त्री, लागेल का?

तळेगावचा_मेस्त्री

गाडी १२ व्होल्टची आहे. इंजिनाला हात न लावता सुट्ट्या बॅटरीवर दिवा लावून बघता येईल. जुनी वायर वापरू नका, कापड सडलेलं असतं, आग लागेल. बटण डॅशच्या खाली डाव्या हाताला कुठेतरी वेगळं लावलेलं असणार. बल्ब काढून त्याच्या बुडाचा फोटो टाका, एक पिन आहे की दोन ते सांगतो.

कृष्णाकाठची

दोन. समोरासमोर.

तळेगावचा_मेस्त्री

मिळेल. रविवारी येताना घेऊन येतो.